नव्या ताण्यापुढचं इंग्रजी

सीमाभागातल्या वडगावच्या साळी गल्लीत मनुबाईकडून विणकाम शिकली नाही अशी बाई शोधायला निघालात, तर संध्याकाळपर्यंत चपला झिजतील आणि हाती काही लागणार नाही. आडवा धागा नेणारा धोटा कसा फेकायचा, पावडी पायानं कधी दाबायची, काठाची नक्षी चुकली ते उलट्या बाजूनं कसं ओळखायचं, हे तिनं गेल्या पंचवीस वर्षांत साठ-सत्तर जणींना शिकवलं असेल. तेही फुकट. कुणी वाटीभर पिठलं आणून दिलं तर तेवढंच. पुढच्या खोलीत नवरा बसवंत दोन यंत्रमाग चालवायचा आणि मागच्या खोलीत मनुबाईचा हातमाग. यंत्रमागाच्या खडखडाटात शिकवायचं म्हणजे ओरडावं लागे. त्यामुळं बाईचा आवाज असा तयार झाला होता, की तिनं घरात "मीठ कुठाय?" विचारलं तरी शेजारणीनं डबा उघडून बघावा.

एवढं करून तिला मास्तरीण म्हणायला कुणी तयार नव्हतं! खासबागेत एका संस्थेचं विणकाम शिकवायचं केंद्र होतं. तिथं दोन-चार वर्षांनी शिक्षिकेची जागा निघायची आणि दरवेळी डिप्लोमा मागायचे. मनुबाई सातवी पास. एकदा तर डिप्लोमावाल्या बाईंनीच पंधरा दिवस मनुबाईकडं येऊन सांधणी, म्हणजे उभ्या धाग्यांच्या संपत आलेल्या ताण्याला नवा ताणा धाग्याला धागा लावून जोडणं, शिकून घेतली आणि मग केंद्रात जाऊन तीच सांधणी पगार घेऊन मुलींना शिकवली. मनुबाईनं त्या बाईंना चहा पाजून शिकवलं होतं. पण ती गोष्ट तिला लागली होती. लागणारच, तीही माणूसच की.

यंदा ऑक्टोबरात तिची मुलगी सौम्या कॉलेजातून धापा टाकतच आली. फोन आईच्या नाकासमोर धरून म्हणाली, "आई, बघ की गं! डिप्लोमा मागितलेलाच न्हाय!"

जाहिरातीत तीन गोष्टी होत्या. हातमागाचं काम उत्तम यायला हवं. वय पंचेचाळीसच्या आत हवं. आणि आता केंद्रात हैदराबाद-दिल्लीकडची पोरं सहा-सहा आठवडे शिकायला येणार होती, त्यांना ना मराठी कळणार ना कन्नड, तेव्हा शिकवणं साध्या इंग्रजीत जमायला हवं. मुलाखत तीन आठवड्यांवर.

मनुबाईला डिसेंबरात पंचेचाळीस पुरी होणार होती. म्हणजे ही जागा मिळाली तर मिळाली, पुढची निघेपर्यंत तिचं नाव अर्जातसुद्धा बसणार नव्हतं. हिशेब तिनं तिथल्या तिथं केला आणि तिच्या छातीत असं धडधडायला लागलं, की बसवंतचा माग बंद असूनही ही खडखड मागाची की आपल्या छातीची, हेच तिला कळेना.

"विंग्रजी कुठलं येतंय गं मला?" ती म्हणाली. "थँक्यू आणि टाटा, संपलं."

सौम्या मागच्या खोलीच्या दारात अर्धा तास नुसती उभी राहिली. त्या वेळी मनुबाई शेजारच्या स्वरूपाला शिकवत होती, आणि सौम्या आईचं बोलणं जन्मात पहिल्यांदा कान देऊन ऐकत होती. मग टाळी वाजवून ओरडली, "आई, तू शिकवताना दुसरं कायबी बोलतच न्हाईस! हे केलंस तर ते हुतंय, ते केलंस तर हे हुतंय. सगळं जर-तर. विंग्रजीत त्याला एवढासा शब्द हाय. इफ. तेवढा धरलास की तुझं काम झालं."

त्या संध्याकाळी धडे सुरू झाले. सौम्यानं नियम सांगितला: वाक्याचे दोन भाग, 'इफ' असतो त्या भागात 'विल' घ्यायचं नाही, 'विल' दुसऱ्या भागात. मनुबाईनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे इफ ह्या काठाला, विल त्या काठाला. मधी लुगडं." सौम्यानं कपाळाला हात लावला, पण नियम आईच्या डोक्यात पक्का बसला तो बसला.

मग काय विचारता! घरात दुसरं बोलणंच उरलं नाही. "इफ यू ड्रिंक टी, आय विल वॉश कप," असं बसवंतला. "इफ यू स्लीप नाऊ, यू विल नॉट स्लीप अॅट नाइट," असं दुपारी आडव्या झालेल्या सासूबाईंना, म्हणजे जयाबाईंना. त्या बिचाऱ्या उठून बसायच्या, सून काय म्हणाली ते न कळताच. खासबागच्या रविवारच्या बाजारात खानापूरकडची शालूबाई भाजी घेऊन यायची. तिला मनुबाईनं हात हलवून ऐकवलं, "इफ यू गिव्ह कोथिंबीर फ्री, आय विल टेक वन किलो वांगी!" शालूबाईनं कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि शेजारणीला म्हणाली, "पोरीचं लगीन लंडनला ठरलंय जणू हिच्या." मनुबाईला त्या जुडीचा इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत तिनं ती हातातच धरली होती. तिच्या इंग्रजीची ती पहिली कमाई.

पण एका ठिकाणी गाडी अडली.

त्याच आठवड्यात मनुबाईनं मागावर नवा ताणा सांधला होता. जवळजवळ तीन हजार धागे. राखेनं कोरडी केलेली बोटं, धाग्याला धागा, पीळ, पुढचा धागा, पुन्हा पीळ. दोन दिवस मान वर नाही. सांधणी झाली की मागाला हळदकुंकू लावायचं, नारळ वाढवायचा, आणि पहिलं लुगडं मागावरून उतरेपर्यंत त्या खोलीत 'तुटला' हा शब्द काढायचा नाही, हे या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. धागा तुटतोच, रोज तुटतो, तेव्हा 'वाढला' म्हणायचं, बांगडीला म्हणतात तसं, आणि गुमान जोडायचा. तुटण्याआधी 'तुटला तर' म्हणणं हा तर गुन्हाच. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात मनुबाई तसं बोलून गेली होती, तेव्हा जयाबाईंनी तिला चार दिवस मागाला हात लावू दिला नव्हता.

आता मुलाखतीत धागा तुटल्याचं विचारणारच. सौम्या म्हणाली, "म्हण. इफ द थ्रेड ब्रेक्स."

मनुबाईनं मागाकडं बघितलं. "हितं नको."

"अगं, आज्जीला विंग्रजी कळत न्हाय. मागाला तर मुळीच कळत न्हाय!"

"मला कळतंय न्हवं!" मनुबाई म्हणाली.

शेवटी तुटण्याची सगळी वाक्यं गच्चीवर शिकायची ठरली. वाळत घातलेल्या चादरींच्या आड उभी राहून मनुबाई घसा मोकळा करून तोडातोडी करायची: एक धागा तुटला तर, दहा तुटले तर, काठाचा तुटला तर. खाली उतरली की गप्प. तीन आठवड्यांत तिची वाक्यं अशी सुटायला लागली की सौम्या म्हणाली, "आई, आमच्या वर्गात एवढं कुणाला येत न्हाय." हे पोरीनं खुशामत म्हणून म्हटलं नव्हतं, आणि मनुबाईला ते कळलं. त्या रात्री तिला झोप लागली नाही आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी जांभळ्या काठाचं, स्वतः विणलेलं लुगडं नेसून ती केंद्रावर पोचली. तिच्या आधी निपाणीचा ओमकार आत गेला होता. पंचविशीतला, डिप्लोमा झालेला, इस्त्रीचा शर्ट. पंधरा मिनिटांत हसत बाहेर आला आणि भल्या मनानं तिला म्हणाला, "लई सोप्पं हाय आक्का. शेवटी ताणा तुटला तर काय करशील, एवढंच विचारत्यात."

मनुबाई हो म्हणाली आणि आत गेली.

आत हॉलमध्ये दोन माग होते. खिडकीपाशी नवा. त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, खाली नारळाची शकलं. सकाळीच त्याच्यावर नव्या ताण्याची सांधणी पुरी झालेली. दुसरा माग पार पलीकडच्या भिंतीला, त्याच्यावर अर्ध्याहून जास्त विणलेलं लुगडं. नव्या मागाशेजारी खुर्ची टाकून बंगळुरूचे नागेंद्र साहेब बसले होते, मांडीवर कागद. चाळिशीचे, जाड चष्मा, चेहरा बरा. ते इंग्रजीतच म्हणाले, की मला कन्नड येतं, तुम्हालाही येत असेल, पण आज मी दिल्लीचा विद्यार्थी आहे असं समजा आणि मला शिकवा.

मनुबाईनं पदर खोचला. पहिलं वाक्य जरा चाचरत आलं, मग हात मागावर गेला आणि तोंड हाताच्या मागोमाग धावलं. "सर, इफ यू प्रेस धिस, हाफ थ्रेड्स विल गो अप. इफ यू थ्रो शटल स्लो, इट विल सिट इन मिडल. इफ यू थ्रो टू फास्ट, इट विल जंप अँड हिट युवर नेबर!" साहेब हसले. तिनं त्यांना उठवून मागावर बसवलं, त्यांचा पाय पावडीवर ठेवला, धोटा हातात दिला. साहेबांनी फेकलेला धोटा खरोखरच मध्येच बसला. "सी सर! आय टोल्ड!" ती एवढ्या आनंदानं ओरडली की बाहेर ओमकार दचकला असेल. साहेब खुर्चीवर परत आले, कागदावर भराभर काहीतरी लिहिलं. मनुबाईला वाटलं, जमतंय, देवा, जमतंय!

आणि मग साहेबांनी नव्या ताण्याकडं बोट करून विचारलं, "व्हॉट विल यू डू इफ धिस वॉर्प ब्रेक्स?"

मनुबाईच्या तोंडातलं इंग्रजी जागच्या जागी थांबलं. ती म्हणाली, "इट विल नॉट ब्रेक, सर."

"गुड. बट इफ इट ब्रेक्स?"

"नो सर. इट विल नॉट."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते सावकाश, तिला कळेल असं बोलले: धागे सगळ्यांचे तुटतात, माझ्या धाग्याला काही होणारच नाही असं म्हणणारा माणूस शिकवू शकत नाही. पुन्हा एकदा विचारतो. इफ इट ब्रेक्स?

उत्तर तिच्या जिभेवर होतं. एक नाही, पंधरा उत्तरं होती, गच्चीवर घोटून घोटून चकचकीत केलेली. ओमकारनं इथंच उभं राहून ती दिली होती आणि काही आभाळ कोसळलं नव्हतं. मनुबाईनं तोंड उघडलं. समोर तो ताणा. कुणीतरी बाईनं दोन दिवस मान मोडून सांधलेला, अजून एक बोटभरसुद्धा न विणलेला. तिचं तोंड मिटलं. साहेबांनी पेन उचललं आणि कागदाच्या खालच्या बाजूला नेलं. पंचवीस वर्षं, साठ-सत्तर बायका, गच्ची, चादरी, सगळं त्या पेनाच्या टोकाशी येऊन थांबलंय हे मनुबाईला लख्ख दिसत होतं, आणि तिला रडू नाही, संताप आला. स्वतःचाच. येतंय ना तुला, मग मुकी का उभी आहेस?

ती वळली आणि तरातरा चालत हॉलच्या पलीकडच्या टोकाला, जुन्या मागापाशी गेली. साहेब बघतच राहिले. तिथून तिनं तिच्या त्या खडखडाटावर मात करणाऱ्या आवाजात हाक मारली, "सर! कम हिअर! नाऊ आस्क!"

साहेब उठले. त्या आवाजापुढं कुणीही उठला असता.

"इफ इट ब्रेक्स?" त्यांनी जुन्या मागापाशी येऊन विचारलं.

मग धरणच फुटलं. "इफ वन थ्रेड ब्रेक्स, आय विल स्टॉप. इफ आय डोन्ट स्टॉप, टू इंच विल गो बॅड. इफ टू इंच गो बॅड, होल सारी इज सेकंड क्वालिटी!" बोलता बोलता तिनं ताण्यातला एक धागा चिमटीत धरून टचकन तोडला. साहेब "अरे अरे" म्हणेपर्यंत दोन्ही टोकं हुडकली, पीळ दिला, जोडला, आणि या सगळ्यात तिची नजर साहेबांच्या तोंडावरून हलली नव्हती. "इफ फाइव्ह ब्रेक इन सेम प्लेस, आय विल नॉट सी थ्रेड. आय विल सी फणी. ऑल थ्रेड्स गो इन फणी. इफ फणी इज गुड, आय विल सी द गर्ल. इफ गर्ल इज अँग्री, सर, ऑल थ्रेड्स विल ब्रेक. इफ गर्ल इज अँग्री, आय विल गिव्ह टी."

"अँड इफ शी इज स्टिल अँग्री?"

"देन आय विल सेंड हर होम. टुमारो शी विल कम गुड."

साहेब आता लिहायचंसुद्धा विसरले होते. त्यांनी नव्या मागाकडं मान वळवून विचारलं, हे सगळं तिथं का नाही सांगितलं?

कन्नडमध्ये हे सांगणं किती सोपं होतं! पण आज कन्नड नाही. मनुबाईनं कमरेवर हात ठेवले आणि शब्द गोळा केले. "सर, न्यू बेबी. ट्वेल्व्ह डेज. यू गो टू सी बेबी. विल यू से टू मदर, इफ बेबी..." आणि ती थांबली. ते वाक्य तिच्यानं पुढं बोलवेना. तिनं नुसती मान हलवली.

"नो," साहेब हळूच म्हणाले. "आय विल नॉट से."

"दॅट इज न्यू वॉर्प, सर."

मग साहेब म्हणाले, की त्यांची आई घराबाहेर पडताना कधी 'जाते' म्हणत नाही, 'होगि बरतीनि', जाऊन येते, असंच म्हणते. एकदा लहानपणी ते नुसतं 'जातो' म्हणून निघाले, तर तिनं त्यांना उंबऱ्यात परत बोलावून पाणी प्यायला लावलं होतं. पण लगेच त्यांनी चष्मा सावरला. माणूस हुशार, असा सोडणार नव्हता. "बट मनुबाई, स्टुडंट्स विल कम फ्रॉम डेल्ही. दे विल से इट. ऑन द न्यू वॉर्प. एव्हरी डे. देन?"

हा प्रश्न ना सौम्यानं काढला होता ना गच्चीवर कधी आला होता. खरं उत्तर काय, याचा मनुबाईनं मनापासून विचार केला. तिला आठवलं, चार दिवस मागाला हात न लावता कोपऱ्यात बसलेली नवी नवरी किती रडली होती.

"सर, दे डोन्ट नो," ती म्हणाली. "इफ दे से, आय विल नॉट शाउट. आय विल गिव्ह वॉर्प इन देअर हँड. थ्री थाउजंड. वन बाय वन. टू डेज." तिनं बोटं पुढं करून पीळ दिल्यासारखी हलवली. "इफ दे जॉइन थ्री थाउजंड थ्रेड्स, सर, देन दे विल नॉट से. नोबडी विल टेल देम. दे विल नॉट से."

साहेबांनी तिच्या बोटांकडं बघितलं. राखेनं करडी झालेली, नखांपाशी चिरलेली बोटं. मग ते हॉल ओलांडून नव्या मागाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. मनुबाईही मागोमाग आली. परीक्षा संपली असावी, कारण ते आता सरळ कन्नडमध्ये बोलू लागले. जन्मतारीख विचारली. तिनं सांगितली. त्यांनी अर्जावरची तारीख पाहिली, बोटांवर महिने मोजले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"म्हणजे बाई, ही जाहिरात आम्ही जानेवारीत काढली असती, तर..."

ते थांबले. शेजारच्या मागाकडं एकदा बघितलं, झेंडूच्या माळेकडं, त्या तीन हजार धाग्यांकडं. पुढचे शब्द त्यांनी गिळले. खरंच गिळले, मनुबाईनं त्यांचा कंठ हललेला बघितला. मग पेन उघडून त्यांनी कागदाच्या तळाशी सही केली.

"सोमवारी या," ते म्हणाले. "दहा वाजता."

मनुबाईला इंग्रजी, कन्नड काही म्हणजे काही आठवेना. डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"नऊलाच येते, साहेब," ती मराठीतच म्हणाली.